कॅनॉनिकल डेटा मॉडेल फुगत चालले आहे: एकच सामायिक मॉडेल ठेवावे की विषयवार वेगळे करावे?

प्रश्न: मध्यस्तर

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेत सात प्रणाली एकमेकींना मेसेज पाठवतात: ऑर्डर घेणारी, बिलिंगची, गोदामाची, ग्राहकसेवेची, हिशेबाची, पुरवठादारांचे पोर्टल आणि अहवालांसाठीचे डेटा वेअरहाउस. मध्ये एक मेसेज ब्रोकर आहे, जो मेसेज घेऊन योग्य प्रणालीकडे पोहोचवतो. प्रत्येक प्रणालीला एक अ‍ॅडॅप्टर जोडलेला आहे, जो त्या प्रणालीच्या अंतर्गत रचनेतला मेसेज सामायिक कॅनॉनिकल (म्हणजे सर्वांसाठी ठरवलेल्या एका प्रमाण) रचनेत बदलून देतो आणि येणारा मेसेज उलट दिशेने बदलून घेतो. ही रचना ठरली तेव्हा ती आटोपशीर होती. तिची जबाबदारी माझ्याकडे आली तोवर ‘ग्राहक’ या एकाच प्रकारात दोनशेहून अधिक फील्ड (माहितीचे रकाने) जमली होती. त्यांतली ओळख क्रमांक सोडून बाकी सारी ऐच्छिक आहेत, आणि कोणते फील्ड कोण भरतो व कोण वाचतो हे मॉडेलकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. नवीन प्रणाली जोडायची म्हटली की तिची टीम आपल्याला हवी ती फील्ड शेवटी जोडून मोकळी होते, कारण आधीच्या फील्डपैकी एखादे आपल्या कामाचे आहे का हे शोधत बसण्यापेक्षा ते सोपे पडते.

याचे दोन प्रकारचे परिणाम आम्हाला भोगावे लागत आहेत. पहिला अर्थाचा. ऑर्डरच्या ‘स्थिती’ या फील्डमध्ये ‘पूर्ण’ असे एक मूल्य आहे. माल बाहेर पडला की गोदामाची प्रणाली ते पाठवते, आणि बिलिंगची प्रणाली तेच मूल्य ‘पूर्ण रक्कम जमा झाली’ अशा अर्थाने वाचते. त्यामुळे काही ऑर्डरींची रक्कम बाकी असूनही स्मरणपत्रे गेलीच नाहीत. दोन्ही अ‍ॅडॅप्टर स्कीमाच्या (मेसेजच्या ठरलेल्या रचनेच्या) तपासणीत व्यवस्थित उत्तीर्ण होतात, त्यामुळे हा घोळ हिशेब जुळवताना उघडकीस आला. दुसरा परिणाम बदलांचा. पैसे देण्याच्या पद्धतींच्या यादीत एक नवे मूल्य आले. बदल आधी कळवला होता, तरीही हिशेबाच्या प्रणालीचा अ‍ॅडॅप्टर त्या मूल्यापाशी अडला आणि त्याच्या मागचे सगळे मेसेज रांगेत पडून राहिले.

आता आमच्याकडे दोन तट पडले आहेत. काहींच्या मते सामायिक मॉडेल मोडीत काढून ज्या दोन प्रणालींना बोलायचे आहे त्यांनी आपापसात रचना ठरवावी. इतरांच्या मते मॉडेल हवेच, पण त्याला शिस्त हवी. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, मात्र ती शिस्त नेमकी कोणती हे मला मांडता येत नाही. मॉडेल एकच असावे की विषयवार अनेक, एखादे फील्ड त्यात घ्यायचे की नाही हे कोणत्या कसोटीवर ठरवावे, आणि आवृत्ती बदलताना सातही टीमना एकाच दिवशी कामाला लावण्याची वेळ येऊ नये म्हणून काय करावे, याबद्दल ज्यांनी असे मॉडेल दीर्घकाळ सांभाळले आहे त्यांचे विचार जाणून घ्यायला आवडेल.

उत्तर: स्कीमाकार

नमस्कार. प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या टीममधल्या वादाचा आकडा पाहू. प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येकीशी दोन्ही दिशांनी बोलत असेल, तर थेट जोडणीत सात प्रणालींसाठी ७ गुणिले ६, म्हणजे ४२ रूपांतरे लागतात. मध्ये सामायिक रचना असेल तर प्रत्येकीची दोन याप्रमाणे १४ पुरतात. तीन प्रणाली असतील तर दोन्हीकडे सहाच येतात, आणि दोन असतील तर सामायिक रचनाच महाग पडते. परंतु प्रत्यक्षात सगळ्या प्रणाली सगळ्यांशी बोलत नाहीत. ब्रोकरवरच्या नोंदी काढून खरोखर किती जोड्या बोलतात ते मोजा. तो आकडा १४ च्या आसपास निघाला तर निव्वळ रूपांतरे वाचवण्यासाठी हे मॉडेल सांभाळण्यात अर्थ नाही. तरीही मी ते ठेवीन, कारण त्याचा खरा उपयोग ‘रक्कम जमा झाली’ म्हणजे काय हे एकाच ठिकाणी लिहून ठेवण्यात आहे. थेट जोडण्यांमध्ये तोच प्रश्न प्रत्येक जोडीला पुन्हा सोडवावा लागतो आणि प्रत्येक जोडी तो थोड्या वेगळ्या रीतीने सोडवते.

तुमच्या मॉडेलची प्रकृती बिघडली ती सर्व प्रणालींच्या फील्डची बेरीज करत गेल्यामुळे. सामायिक मॉडेलमध्ये जागा फक्त त्याच माहितीला मिळावी जी एका प्रणालीची हद्द ओलांडून दुसरीकडे जाते आणि तिथे तिच्यावरून काही निर्णय होतो. मी फील्ड आत घेताना चार गोष्टी लेखी मागतो: एका पूर्ण वाक्यात व्याख्या, ते भरण्याची जबाबदारी असलेली एकच प्रणाली, ते आज वाचणारी किमान एक प्रणाली, आणि ते रिकामे आले तर वाचणाऱ्याने काय समजायचे. ‘पुढे कधी लागेल’ हे कारण मी मान्य करत नाही. व्याख्येच्या वाक्यात फील्डचेच नाव पुन्हा आले, उदाहरणार्थ ‘ग्राहक प्रकार: ग्राहकाचा प्रकार’, तर ती व्याख्या परत पाठवतो. या चार ओळी लिहायला अर्धा तास लागतो, आणि बरीचशी अनावश्यक फील्ड त्या अर्ध्या तासातच गळून पडतात.

तुमच्या ‘स्थिती’कडे येतो. त्या एका फील्डमध्ये तीन स्वतंत्र गोष्टी कोंबल्या आहेत: माल किती गेला, पैसे किती आले, आणि ऑर्डर अजून वैध आहे की रद्द झाली. माल अर्धा गेला आहे, पैसे पूर्ण आले आहेत आणि उरलेला भाग ग्राहकाने रद्द केला आहे अशी ऑर्डर एका मूल्यात सांगताच येत नाही, म्हणून प्रत्येक टीम आपल्याला सोयीचे मूल्य निवडते. यादीत आणखी मूल्ये घालून हे सुटणार नाही. पूर्ती, देयक आणि वैधता अशी तीन फील्ड करा आणि प्रत्येकाचा मालक वेगळा ठेवा: पूर्ती गोदामाची, देयक बिलिंगचे, वैधता ऑर्डर घेणाऱ्या प्रणालीची. त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्थिती पाठवण्याऐवजी घडलेली घटना पाठवणे: ‘या ऑर्डरच्या या ओळीवरील इतके नग अमुक वेळी रवाना झाले’, ‘या बिलापोटी इतकी रक्कम अमुक वेळी जमा झाली’. घटनेचा अर्थ गोदामाच्या आणि बिलिंगच्या माणसांना सारखाच कळतो, आणि त्यावरून आपापली स्थिती ठरवण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे राहते.

‘ग्राहक’ फुगण्याचे कारणही याच जातीचे आहे. ऑर्डर देणारा, बिल भरणारा आणि माल उतरवून घेणारा या तीन भूमिका आहेत. कधी त्या एकाच व्यक्तीच्या असतात, कधी तीन वेगवेगळ्या संस्थांच्या. व्यक्ती किंवा संस्था हा एक लहान प्रकार ठेवा: ओळख, नाव, संपर्क, पत्ते. भूमिका त्या त्या मेसेजमध्ये सांगा. उधारीची मर्यादा ही माणसाची नसून त्याच्या खात्याची असते, त्यामुळे ती बिलिंगच्या मेसेजमध्ये जाते. अशी वाटणी केली की दोनशे फील्डपैकी खरोखर सामायिक अशी मूठभरच उरतात.

विषयवार मॉडेल असावीत हे यातून ओघाने येते. पण त्यांच्या तळाशी काही लहान प्रकार सगळीकडे एकसारखेच असले पाहिजेत, आणि तिथे मी कसलीही सवलत देत नाही. रक्कम कधीही नुसता आकडा म्हणून जाऊ नये. तिच्यासोबत आयएसओ ४२१७ चा तीन अक्षरी चलन कोड हवाच, आणि ती दशांश स्वरूपात किंवा मजकूर म्हणून जावी, कारण द्विमान फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाच्या अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ०.१ ही संख्या अचूक बसत नाही. दोन दशांश स्थळे गृहीत धरू नका: जपानी येनला एकही स्थळ नाही आणि कुवेती दिनारला तीन आहेत. प्रमाणासोबत एकक हवे. ओळख क्रमांक अंकांचा दिसत असला तरी तो मजकूर म्हणूनच पाठवा. जेसन या मजकुरी स्वरूपातली संख्या जावास्क्रिप्ट ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये वाचते, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक तिथे अचूक राहतीलच असे नाही, आणि शेवटचा अंक बदललेला क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला तर ती चूक शोधणे फार अवघड असते. सुरुवातीची शून्ये गळणे हा त्याचाच धाकटा भाऊ.

तारीख आणि वेळ यांच्याबाबत तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. घडून गेलेला क्षण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) किंवा ऑफसेटसह (तिच्यापासूनच्या फरकासह) जावा. नुसती तारीख, जसे बिलाची तारीख किंवा जन्मतारीख, ही तारीख म्हणूनच जावी. तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवली की वेगळ्या टाइमझोनमधल्या प्रणालीत ती एक दिवस मागे सरकू शकते. भविष्यातली ठरलेली वेळ मात्र स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव अशा जोडीने पाठवावी, कारण आज काढलेला ऑफसेट त्या दिवशी लागू असेलच असे नाही.

शेवटचा मुद्दा ओळखीचा. सर्व प्रणालींनी एकच क्रमांक वापरावा असा आग्रह धरू नका, तो पाळला जात नाही. कोणत्या प्रणालीतला कोणता क्रमांक कोणत्या सामायिक क्रमांकाशी जुळतो याचे एक जुळणी टेबल ठेवा आणि त्याला स्वतंत्र सेवा म्हणून सांभाळा. दोन ग्राहक एकच असल्याचे लक्षात येऊन नोंदी एकत्र केल्या जातात तेव्हा जुना क्रमांक पुसू नका; तो विचारला तर टिकलेला क्रमांक मिळाला पाहिजे, कारण जुना क्रमांक घेऊन निघालेले मेसेज अजून रांगेत असू शकतात.

उत्तर: संदेशरांग

वरील उत्तराशी मी सहमत आहे, त्यामुळे फक्त आवृत्त्यांबद्दल लिहिते.

सातही टीमना एकाच दिवशी बदल करायला लागणे म्हणजे त्या प्रणाली प्रत्यक्षात वेगळ्या नाहीतच. ते टाळायचे असेल तर प्रत्येक बदलाबाबत एक प्रश्न आधी विचारावा: पाठवणारा आधी बदलणार की वाचणारा? अव्रो या मेसेज-स्वरूपासोबत कॉन्फ्लुएंट कंपनीची स्कीमा रजिस्ट्री (स्कीमांच्या आवृत्त्या ठेवून त्या तपासणारी सेवा) वापरणाऱ्यांना हे शब्द ओळखीचे असतील. तिथे ‘बॅकवर्ड’ सुसंगतता मूळ सेटिंग म्हणून असते, म्हणजे नवी स्कीमा वापरणारा वाचक जुन्या स्कीमाने लिहिलेला मेसेज वाचू शकतो, त्यामुळे वाचणाऱ्यांनी आधी बदलायचे. ‘फॉरवर्ड’मध्ये जुना वाचक नवा मेसेज वाचू शकतो, त्यामुळे पाठवणारा आधी बदलतो. ‘फुल’मध्ये दोन्ही साधते आणि क्रमाची चिंता राहत नाही. इथे एक बाब नजरेतून निसटते: ही तपासणी साधारणपणे फक्त लगतच्या आवृत्तीशी होते. रांगेत जुने मेसेज दीर्घकाळ राहत असतील, किंवा डेटा वेअरहाउस सुरुवातीपासूनचा इतिहास पुन्हा वाचत असेल, तर सर्व आधीच्या आवृत्त्यांशी ताडून पाहणारा ‘ट्रान्झिटिव्ह’ पर्याय निवडणे आवश्यक आहे. तुमच्या सात प्रणालींमध्ये वेअरहाउस आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

यादीत नवे मूल्य आल्यावर तुमचा अ‍ॅडॅप्टर का अडला, हे समजून घेतले तर पुढचे असे प्रसंग टळतील. नवे फील्ड जोडणे बहुतेक वेळा निर्धोक असते, कारण जुना वाचक त्याकडे पाहतच नाही. बंदिस्त यादीत नवे मूल्य घालणे तसे नाही. तिथे जुना वाचक त्याच फील्डकडे पाहतो आणि त्याला न कळणारी गोष्ट सापडते. अव्रोमध्ये वाचणाऱ्याच्या यादीत ते मूल्य नसेल आणि यादीला डीफॉल्टही दिलेले नसेल तर वाचनच फसते. म्हणून वाढू शकणारी प्रत्येक यादी पहिल्या दिवसापासून खुली जाहीर करावी आणि ‘न ओळखलेले मूल्य आल्यास काय करायचे’ हे व्याख्येतच लिहावे. पैसे देण्याच्या पद्धतीबाबत ते ‘इतर’ समजून पुढे जाणे चालेल. कर आकारणीच्या प्रकाराबाबत तसे चालणार नाही. तिथे मेसेज बाजूच्या रांगेत काढून माणसाला दाखवला पाहिजे. बाजूची रांग हा शब्द मी जपून वापरते आहे: न समजलेल्या एका मेसेजमागे सगळी वाहतूक थांबणे हा स्कीमाचा दोष नाही, तो अ‍ॅडॅप्टरचा आहे, आणि मॉडेल कितीही सुधारले तरी हा दोष वेगळाच दुरुस्त करावा लागेल. बाजूला काढताना एकाच ऑर्डरचे मेसेज क्रमाने जाणे गरजेचे असेल तर त्या ऑर्डरचे पुढचे मेसेजही सोबत थांबवावे लागतात, बाकीच्यांना मात्र जाऊ द्यावे.

आणखी एक जागा, जिथे फार गोंधळ होतो. फील्ड मेसेजमध्ये नसणे, ते असून नल (मूल्य नसल्याची खूण) असणे, आणि त्यात रिकामा मजकूर असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएफसी ७३९६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातल्या जेसन मर्ज पॅचमध्ये (नोंदीतला फक्त बदल पाठवण्याच्या पद्धतीत) नल म्हणजे ‘हे मूल्य काढून टाका’, आणि फील्ड नसणे म्हणजे ‘त्याला हात लावू नका’. हाच संकेत घ्या असे माझे म्हणणे नाही, पण कोणतातरी एक घ्या आणि सर्व मेसेजना लावा. तुमच्याकडे जवळजवळ सगळी फील्ड ऐच्छिक आहेत, म्हणजे एखाद्या अ‍ॅडॅप्टरच्या लायब्ररीने रिकाम्या फील्डच्या जागी नल लिहायला सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला चांगले फोन नंबर पुसले जाऊ शकतात.

फील्ड काढून टाकताना घाई करू नये. आधी ते वापरातून जाणार असे स्कीमातच नोंदवावे, मग त्याची वाचने खरोखर थांबली आहेत का हे मोजावे, आणि मगच काढावे. फील्ड क्रमांकाने ओळखणारे प्रोटोबफ हे स्वरूप वापरत असाल तर काढलेल्या फील्डचा क्रमांक आणि नाव दोन्ही राखीव करून ठेवा. तो क्रमांक नव्या फील्डला दिला तर जुना मेसेज नव्या अर्थाने वाचला जाईल आणि कुठेही त्रुटी दिसणार नाही. त्याचप्रमाणे, फील्डचे नाव आणि प्रकार तोच ठेवून अर्थ बदलणे हा बदल कोणतीही रजिस्ट्री पकडू शकत नाही. करासह असलेली रक्कम उद्यापासून करविरहित पाठवायची असेल तर नवे फील्ड, नवे नाव. यात अपवाद नको.

उत्तर: सीमारेषा

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. संस्थाभर एकच अर्थ ठरवण्याचा आग्रह मला पटत नाही. गोदामाला ‘वस्तू’ म्हणजे वजन, मापे आणि ठेवण्याची जागा. विक्रीला तीच वस्तू म्हणजे वर्णन आणि किंमत. हे दोन्ही अर्थ आपापल्या हद्दीत बरोबर आहेत, आणि त्यांना एका छताखाली आणताना जी तडजोड निघते ती दोघांच्याही कामाची राहत नाही. डोमेन ड्रिव्हन डिझाइन या सॉफ्टवेअर रचण्याच्या पद्धतीत याला बाउंडेड कॉन्टेक्स्ट म्हणतात. त्यामुळे माझ्या मते प्रत्येक प्रणालीने बाहेर जाणाऱ्या मेसेजची रचना स्वतः प्रसिद्ध करावी, तिची जबाबदारी स्वतः घ्यावी, आणि घेणाऱ्याने आपल्या दारात रूपांतर करून ती आत घ्यावी. स्कीमाकार यांनी मूलभूत प्रकारांबद्दल जे लिहिले आहे ते मात्र मला पूर्ण मान्य आहे. रक्कम, वेळ, एकक आणि ओळख यांत वैविध्य असण्याने कोणाचेच भले होत नाही.

जिथे सामायिक मॉडेल हवेच असेल तिथे ते शून्यातून रचण्याआधी आपल्या क्षेत्रातले मानक पाहावे. बिले आणि ऑर्डर यांसाठी ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे यूबीएल आहे, ज्याची २.१ ही आवृत्ती आयएसओ/आयईसी १९८४५:२०१५ म्हणून स्वीकारली गेली. बँकांमधल्या व्यवहारांसाठी आयएसओ २००२२ आहे, आरोग्याच्या नोंदींसाठी एचएलसेव्हन या संस्थेचे फायर आहे. संपूर्ण मानक जसेच्या तसे घेऊ नका. ते अनेक संस्थांच्या गरजा सामावून घेत असल्यामुळे तुमच्या मॉडेलपेक्षाही अवाढव्य असते. त्यातून काय घ्यायचे यापेक्षा त्या लोकांनी अडचणी कशा सोडवल्या हे शिकण्यासारखे आहे.

फायरचेच पाहा. बहुसंख्य प्रणाली जी माहिती खरोखर हाताळतात तीच गाभ्यात ठेवायची आणि बाकीच्यांसाठी ठरलेल्या रीतीने जोडता येणारे एक्स्टेन्शन द्यायचे, असा त्यांचा दंडक आहे. न ओळखलेल्या एक्स्टेन्शनकडे वाचणारा दुर्लक्ष करू शकतो. परंतु काही जोड माहिती मूळ नोंदीचा अर्थच बदलते, आणि तिच्यासाठी त्यांनी ‘मॉडिफायर एक्स्टेन्शन’ असा वेगळा प्रकार केला आहे, ज्याकडे दुर्लक्ष करण्याची वाचणाऱ्याला मुभा नाही. तुमच्या टीम जी फील्ड शेवटी जोडून मोकळ्या होतात त्यांची अशी दोन गटांत विभागणी करून पाहा. ‘न कळल्यास सोडून द्या’ आणि ‘न कळल्यास थांबा’ हा फरक फील्ड जोडणाऱ्यानेच सांगायचा असतो. तो वाचणाऱ्याला अंदाजाने कळत नाही.

आयएसओ २००२२ मधून दुसरी गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यात व्यवसायातल्या संकल्पना, मेसेजची तार्किक रचना आणि एक्सएमएलसारखे प्रत्यक्ष स्वरूप हे तीन थर वेगळे ठेवले आहेत. तुमचे कॅनॉनिकल मॉडेल जर एका स्कीमा फाइलपुरतेच असेल तर उद्या एक्सएमएलकडून जेसनकडे किंवा अव्रोकडे जाताना अर्थ आणि स्वरूप यांची गुंतागुंत सोडवणे जड जाईल. सीमापार व्यवहारांत स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्याचे जुने एमटी मेसेज आणि हे नवे मेसेज मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात शेजारी शेजारी चालले. जुन्या स्वरूपात नाव आणि पत्ता मिळून प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळींत बसवायचे असत, तर नव्यात रस्ता, शहर, पिन कोड अशी वेगळी फील्ड आहेत. भरगच्च रचनेतून अरुंद रचनेत जाताना माहिती कापली जाणारच. म्हणून प्रत्येक अ‍ॅडॅप्टरसोबत ‘इथे काय गळते’ याची यादी ठेवा, आणि जी प्रणाली माहिती गाळते तिच्याकडून ती परत घेऊन मूळ नोंदीवर लिहू नका.

मध्यस्तर (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. सीमारेषा आणि स्कीमाकार यांच्या भूमिकांत मला वाटले होते तेवढे अंतर नाही: मेसेजची मालकी पाठवणाऱ्या प्रणालीकडे, आणि मूलभूत प्रकार व ओळखीची जुळणी सामायिक. हे मी टीमपुढे मांडू शकतो.

एक शंका उरते. आज चालू असलेले मॉडेल थांबवता येणार नाही, कारण सातही अ‍ॅडॅप्टर त्यावर उभे आहेत. दोनशे फील्डच्या ‘ग्राहक’पासून लहान मॉडेलांकडे जाताना सुरुवात कुठून करावी? आणि नंतर ते पुन्हा फुगू नये म्हणून मंजुरीची समिती नेमावी, असा आमच्याकडे एक प्रस्ताव आहे. समितीमुळे कामे अडतील अशी मला धास्ती वाटते.

उत्तर: स्कीमाकार

सुरुवात मोजणीपासून करा. ब्रोकरवरून गेलेले प्रत्यक्ष मेसेज घ्या, ज्यात महिनाअखेरचे आणि वर्षअखेरचे व्यवहार येतील असा कालावधी निवडा, आणि प्रत्येक फील्डबाबत तीन गोष्टी काढा: किती मेसेजमध्ये ते भरलेले आहे, त्यात किती वेगवेगळी मूल्ये येतात, आणि कोणत्या अ‍ॅडॅप्टरच्या कोडमध्ये ते वाचले जाते. जी फील्ड कोणी वाचतच नाही ती आधी निवृत्त करता येतील. जे फील्ड दोन प्रणाली भरतात त्याच्यावर खूण करा, कारण तुमच्या ‘स्थिती’सारखे अर्थाचे घोळ बहुधा तिथेच दडलेले असतात. भरलेले असून सर्वत्र एकच मूल्य असलेले फील्ड म्हणजे एखाद्या अ‍ॅडॅप्टरने स्कीमाच्या तपासणीतून सुटण्यासाठी घातलेला स्थिरांक असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर सगळ्यात जास्त त्रास देणारा एकच विषय घ्या. तुमच्याकडे तो ऑर्डरच्या स्थितीचा आहे. गोदामाच्या अ‍ॅडॅप्टरने ‘माल रवाना झाला’ हा नवा मेसेज जुन्या मेसेजसोबतच पाठवायला सुरुवात करावी, बिलिंगने नवा वाचायला लागावे, आणि काही काळ दोन्हींतून निघणारे निष्कर्ष शेजारी ठेवून ताडून पाहावेत. जिथे ते जुळत नाहीत तिथली प्रत्येक नोंद त्या दोन टीमनी एकत्र बसून पाहावी. व्याख्येतल्या उणिवा तिथेच उघड होतात. जुना मेसेज वाचणारे कोणी उरले नाही की तो बंद करावा आणि पुढचा विषय घ्यावा. नवे मॉडेल पूर्ण लिहून मग सर्वांना त्यावर नेण्याची योजना आखू नका. ते लिहून होईपर्यंत जुने आणखी वाढलेले असते.

समितीबाबत तुमची धास्ती रास्त आहे. दर महिन्याला बसणारी मंडळी प्रत्येक फील्डला मंजुरी देणार असतील तर टीम वाट पाहणार नाहीत. ‘शेरा’ नावाच्या एखाद्या मोकळ्या फील्डमध्ये आपली माहिती स्वल्पविरामाने तोडून भरतील, आणि ती कोणत्याच तपासणीत सापडणार नाही. त्याऐवजी स्कीमा, व्याख्या आणि उदाहरणादाखलचे मेसेज एकाच रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या सामायिक जागेत) ठेवा. बदल नेहमीच्या कोडप्रमाणे पुल रिक्वेस्टने (इतरांनी तपासून मान्य करायच्या बदलाच्या प्रस्तावाने) यावा. सुसंगततेची तपासणी आणि व्याख्येच्या चारही ओळी भरल्या आहेत का हे यंत्राने पाहावे. मेसेजच्या मालक टीमने आणि तो वाचणाऱ्या टीमनी मान्यता द्यावी. फक्त रक्कम, वेळ, एकक, ओळख या सामायिक प्रकारांना हात लागत असेल तेव्हाच दोघातिघा नेमलेल्या लोकांची संमती लागावी. असे बदल क्वचित येतात, त्यामुळे तिथे वेळ लागला तरी चालतो.

उदाहरणादाखलच्या मेसेजवर भर द्या. प्रत्येक मेसेजसाठी नेहमीचे एक उदाहरण पुरत नाही. अर्धवट पूर्ती, रद्द केलेली ओळ, परतावा, शून्य रकमेचे बिल, दोन भूमिकांत एकच संस्था, आणि यादीत नसलेले मूल्य अशी अवघड उदाहरणे हवीत. प्रत्येक वाचणाऱ्या टीमने ती आपल्या चाचण्यांमध्ये चालवावीत आणि त्या मेसेजवरून आपली प्रणाली कोणता निर्णय घेते हे चाचणीत नोंदवावे. गोदामाच्या उदाहरणातली ‘माल गेला, पैसे बाकी’ अशी ऑर्डर बिलिंगच्या चाचणीत चालवली की स्मरणपत्र जाते की नाही ते तिथेच दिसेल.